एका म्यानात दोन तलवारी : घरचा संगणक आणि त्यावरील दोन कार्यप्रणाली

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त हुलसूर येथील मराठीच्या एका अधिव्याख्यात्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित स्वरूप)



शंभर वर्षे पुस्तके राखणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर संगणकाविषयी बोलावे, आणि तेही मराठीच्या अध्यापकाने, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ते स्वाभाविक आहे. मी अभियंता नव्हे. परंतु मराठी मजकूर हा माझ्या अध्यापनाचा विषय आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा मजकूर कागदावरून फार मोठ्या प्रमाणावर संगणकात राहावयास गेला आहे. तो ज्या घरात राहतो त्या घराची बांधणी थोडीफार जाणून घेणे हे भाषेच्या अध्यापकाचे, आणि ग्रंथालयाच्या सभासदाचेही, कर्तव्य ठरते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक अगदी घरगुती वाटणारा विषय निवडला आहे : घरातल्या एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली कशा नांदतात, आणि त्या नांदवाव्यात की नाही.

‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ अशी म्हण आपल्याकडे आहे. संगणकाच्या बाबतीत ती निम्मीच खरी आहे. दोन तलवारी एका म्यानात खुशाल राहतात. मात्र एका वेळी उपसता येते ती एकच. असे दुहेरी शस्त्र सामान्य माणसाला कशासाठी हवे, हा प्रश्न आपण विचाराल. त्याचे उत्तर मी आरंभीच थोडक्यात देऊन ठेवतो. आपला बराचसा मराठी मजकूर जुन्या प्रणालीत अडकून पडला आहे आणि आपले पुढचे सर्व लेखन नव्या प्रणालीत होणार आहे. जुने सोडून दिले तर मजकूर बुडतो. जुन्यालाच धरून बसलो तर यंत्र धोक्यात येते. दोन्ही प्रणाली काही काळ शेजारी शेजारी ठेवणे, आणि त्या काळात मजकूर दोहोंच्याही बंधनातून मोकळा करून घेणे, हाच यातला मध्यममार्ग आहे.

कार्यप्रणाली म्हणजे ज्याला आपण व्यवहारात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतो ती. तिचे काम ग्रंथालयाच्या दृष्टान्ताने चांगले कळते. एक इमारत आहे, तीत कपाटे आहेत, कपाटांत हजारो पुस्तके आहेत. पण ग्रंथपाल नसेल आणि त्याची दाखल नोंदवही नसेल तर वाचकाला हवे ते पुस्तक मिळणार नाही. संगणकाचे यंत्र म्हणजे ती इमारत, डिस्क म्हणजे कपाटे, आपल्या फायली म्हणजे पुस्तके आणि कार्यप्रणाली म्हणजे ग्रंथपाल. कोणती फाईल कोठे ठेवली, ती कोणाला द्यायची, छपाईयंत्राकडे मजकूर केव्हा पाठवायचा, एकाच वेळी आलेल्या दोन मागण्यांपैकी आधी कोणती पुरवायची, हा सारा कारभार ती पाहते.

आता अशी कल्पना करा की एकाच इमारतीत दोन ग्रंथपाल नेमले आहेत. एक मेल्व्हिल ड्यूई यांच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीने पुस्तके लावतो, तर दुसरा आपल्या रंगनाथनांच्या १९३३ सालच्या द्विबिंदू पद्धतीने. दोघांची कपाटे वेगळी, नोंदवह्या वेगळ्या. दोघे एकाच वेळी कामावर येत नाहीत. ज्याची पाळी असेल तो येतो, दुसरा घरी असतो. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली असतात तेव्हा नेमके हेच घडते. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फायली मांडते तिचे नाव एनटीएफएस. लिनक्सची प्रचलित मांडणी ईएक्सटी-४ या नावाची. लिनक्सला विंडोजची नोंदवही वाचता येते; विंडोजला मात्र वेगळे साहाय्य घेतल्यावाचून लिनक्सची नोंदवही वाचता येत नाही. हा फरक लहान दिसला तरी फार महत्त्वाचा आहे. त्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

संगणकाची कळ दाबल्यापासून काय होते तेही पाहू. यंत्रातच कोरलेली एक लहानशी आज्ञावली प्रथम जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत. नव्यांत तिची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. ती स्मृती, कळफलक, डिस्क हे सारे जागेवर आहे की नाही ते तपासते आणि मग कारभार कोणाच्या हाती द्यायचा ते शोधते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला खण ५१२ बाइटांचा असतो. त्यातले ६४ बाइट हे डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता मांडण्यासाठी राखलेले. प्रत्येक वाटणीस १६ बाइट, म्हणून मुख्य वाटण्या चारच. ही चाराची मर्यादा कोठून आली, असा प्रश्न अनेकांना पडतो. तिचे मूळ या ६४ बाइटांत आहे. नव्या यंत्रांतील तक्ता मोठा असल्याने तेथे ही अडचण उरलेली नाही. दोन प्रणाली असतील तर येथे एक द्वारपाल नेमावा लागतो. लिनक्सबरोबर येणाऱ्या अशा द्वारपालाचे नाव ग्रब. तो पडद्यावर दोन नावे दाखवतो, काही सेकंद थांबतो, आणि आपण निवडू त्या प्रणालीला हाक मारतो. आपण काहीच बोललो नाही, तर आधी ठरवून दिलेली प्रणाली तो स्वतःच सुरू करतो.

ही व्यवस्था आजकालची नव्हे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हाच त्यासाठी एक सोडून तीन कार्यप्रणालींची निवड देऊ केली होती. त्यांतली स्वस्त असलेली डॉस लोकांनी उचलली, आणि पुढे एक यंत्र म्हणजे एक प्रणाली असे समीकरण लोकांच्या मनात बसले. ते समीकरण यंत्राच्या स्वभावातून आलेले नव्हते, बाजाराच्या सवयीतून आले होते.

या इतिहासात १९९१ हे साल आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या. ऑगस्ट महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी आपण एक लहानशी कार्यप्रणाली रचीत असल्याचे जाहीर करता झाला. तीच पुढे लिनक्स झाली. त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. आणि ऑक्टोबर महिन्यात जगातील सर्व लिप्यांना एका सूत्रात ओवू पाहणाऱ्या युनिकोडचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरूनच घेतली गेली. म्हणजे मुक्त कार्यप्रणाली आणि मराठी अक्षरांचे पक्के संकेत या दोहोंचा पाया एकाच वर्षी घातला गेला.

पण पाया घातला म्हणून घर लगेच उभे राहत नाही. १९९० नंतरच्या दशकात आपली मुद्रणालये, नियतकालिके आणि लेखक संगणकावर आले ते वेगळ्याच वाटेने. श्रीलिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आयएसएम अशा आज्ञावल्या त्या काळी घरोघरी आणि छापखान्यांत पोचल्या. त्यांनी मराठी मुद्रणावर मोठे उपकार केले, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. खिळे जुळवण्याचे कष्ट संपले आणि लहान गावातूनही देखणा दिवाळी अंक निघू लागला. परंतु त्या काळी सामान्यतः रूढ असलेली युक्ती अशी होती : संगणक जेथे रोमन अक्षर आहे असे समजतो, तेथे आपल्या अक्षराचे चित्र बसवायचे. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हेच. ती रोमन चिन्हांची एक अर्थहीन माळ असते. विशिष्ट फाँट आहे तोवर आपल्याला मराठी दिसते. फाँट काढला की पडद्यावर कंसांचा, स्वल्पविरामांचा आणि रोमन अक्षरांचा कालवा दिसतो.

भाषेच्या अभ्यासकाला यातील तपशील उद्बोधक वाटतील. ‘किती’ हा शब्द आपण उच्चारताना आधी क म्हणतो, मग इकार. पण कागदावर वेलांटी आधी दिसते. फाँटच्या युक्तीत मजकूर जसा दिसतो तसा साठवला जाई, म्हणजे वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये तो उच्चारक्रमाने साठवतात आणि दाखवताना वेलांटी आपोआप पुढे येते. रफाराचे याच्या उलट. ‘सूर्य’ या शब्दातला र उच्चारात आधी आहे, पण डोक्यावरचे चिन्ह नंतर दिसते. जुन्या फायलीत तो नंतर, नव्यात आधी. म्हणूनच जुन्या फायलींत शब्द शोधता येत नाही आणि याद्या अकारविल्हे लावता येत नाहीत. लावल्या तर त्या चिन्हांमागील रोमन क्रमाने लागतात. ज्या ग्रंथालयाने आपली सूची अशा फाँटमध्ये तयार केली असेल, त्याच्या ग्रंथपालांना ही व्यथा वेगळी सांगावयास नको.

विंडोजमध्ये देवनागरीचे खरे, म्हणजे युनिकोडचे, आगमन झाले विंडोज २००० या आवृत्तीत. मंगल हा फाँट तिच्याबरोबर आला. कन्नडला त्यानंतरच्या, २००१ सालच्या विंडोज एक्सपीची वाट पाहावी लागली. लिनक्सच्या बाजूने २००४ साली रेड हॅट कंपनीने लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त केले. तरीही मराठीची काही खास लेणी मागे राहिली होती. ‘ॲ’ हे अक्षर, ज्यावाचून आज आपण ॲडव्होकेट हा शब्दही नीट लिहू शकणार नाही, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र, आपले मराठी वळणाचे ल आणि श, यांची सोय प्रत्येक फाँटात हळूहळू होत गेली. अशा रीतीने मराठी संगणकीय मजकुराचे दोन कालखंड पडले आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे.

ही भिंत आपल्या सीमाभागाला नवी नाही. आमचे हुलसूर पूर्वी बसवकल्याण तालुक्यात होते, आता ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. बिदर आणि कलबुर्गी हा सारा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामी काळात सरकारदरबारी उर्दू होती, मराठी दप्तर मोडीत लिहिले जाई, पोथी बाळबोधीत असे, आणि बाजारात कन्नड, मराठी व दखनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालत. त्या पिढीतला शिकलेला माणूस दोन-तीन लिप्या सहज वाचत असे. पुढे मोडी मागे पडली. आज जुन्या घरांत मोडीचे रुमाल निघतात. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते, अक्षरही वळणदार असते. फक्त वाचणारा उरलेला नसतो. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. पण दप्तर वाचणारी माणसे त्याआधीच विरळ झाली होती. मोडीचे हे व्हायला दोन पिढ्या लागल्या. फाँटमध्ये अडकलेल्या मजकुराचे ते एका पिढीच्या आतच होत आहे, एवढाच फरक.

येथे कालमर्यादेचा प्रश्न येतो. विंडोज एक्सपीची निगराणी तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण निगराणी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली; पुढे काही काळाची मुदतवाढ नावनोंदणी करणाऱ्यांस मिळाली, इतकेच. निगराणी थांबणे याचा अर्थ यंत्र बंद पडते असा नव्हे. त्याचा अर्थ असा की नवी छिद्रे सापडली तरी ती बुजवणारा कोणी नाही. असे यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे कडीकोयंडा मोडलेल्या घरात रात्र काढणे होय. विंडोज ११ घ्यावी तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि बरेच अलीकडचे प्रोसेसर लागतात. धडधाकट चालणारी अनेक यंत्रे या अटीत बसत नाहीत. शिवाय जुन्या आज्ञावल्या नव्या प्रणालीवर चालतीलच असे नाही. १६ बिटांच्या काळातील आज्ञावल्या ६४ बिटांच्या विंडोजवर मुळीच चालत नाहीत, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे. त्या काळी कित्येक मराठी आज्ञावल्यांबरोबर संगणकाच्या मागे खोचायची एक किल्ली येत असे. ती किल्ली खोचावयाची खाच आजच्या संगणकाला नसतेच.

म्हणजे पेच असा आहे. जुन्या फायली उघडण्यासाठी जुनी विंडोज हवी. जगाशी व्यवहार करण्यासाठी निगराणीखालील प्रणाली हवी. नवे यंत्र घेण्याची ऐपत प्रत्येक घराची, प्रत्येक शाळेची, प्रत्येक छोट्या छापखान्याची नाही. या तिन्ही गरजा एकत्र येतात तेथे जुन्याच यंत्रावर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवणे हा उपाय सयुक्तिक ठरतो. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या आहेत. उबुंटू, फेडोरा, डेबियन ही त्यांतली परिचित नावे. आपल्या सी-डॅकनेही बॉस या नावाची आवृत्ती तयार केली आहे. या प्रणाली विनामूल्य मिळतात, पण त्यांचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. लिनक्स हातोहात देता येते, उघडून पाहता येते, सुधारता येते. म्हणून ती मुक्त. फायरफॉक्स हा न्याहाळक आणि लिब्रे ऑफिस ही लेखनाची आज्ञावली मराठी रूपात उपलब्ध झाली, ती याच स्वातंत्र्याचा लाभ घेऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांमुळे.

सीमाभागातल्या घराला याचा आणखी एक लाभ आहे. आमच्या घरांत मुलगा कन्नड माध्यमात शिकतो, आजोबा मराठी वर्तमानपत्र वाचतात, तहसीलचा अर्ज कन्नडमध्ये भरावा लागतो. कन्नडसाठी नुडी आणि बरह या आज्ञावल्या रूढ झाल्या. १९९८ साली निघालेल्या बरहमध्ये पुढे मराठीचीही सोय झाली. परंतु प्रत्येक भाषेसाठी निराळी आज्ञावली आणि निराळा कळफलक शिकण्याचे कारण आता उरलेले नाही. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेला इन्स्क्रिप्ट कळफलक सर्व भाषांना एकच आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळीवर मराठीचा क आहे, त्याच कळीवर कन्नडचा क आहे. मराठी टंकन शिकलेल्या मुलीला कन्नड टंकन अर्धेअधिक आलेलेच असते. हा कळफलक विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. एकदा हाताला वळण लागले की प्रणाली बदलली तरी हात बदलत नाही.

आता ही व्यवस्था प्रत्यक्ष कशी करावी, याचे चार शब्द सांगतो.

सर्वांत प्रथम, डिस्कला हात लावण्यापूर्वी आपल्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी, आणि ती उघडते आहे याची खात्री करून घ्यावी. हे केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. काही नव्या यंत्रांत विंडोज आपली डिस्क कुलूपबंद करून ठेवते. त्या कुलपाचा दीर्घ सांकेतिक क्रमांक आधीच कागदावर लिहून घ्यावा.

दुसरे असे की लिनक्स बसवण्याआधी ती चालवून पाहता येते. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि तेथूनच संगणक सुरू करावा. डिस्कवर काहीही न लिहिता ती चालते. पडदा, ध्वनी, छपाईयंत्र, मराठी अक्षरे नीट दिसतात का, हे चार दिवस पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. लग्नाआधी स्थळ पाहून घ्यावे, तसेच हे.

तिसरी बाब क्रमाची. आधी विंडोज, नंतर लिनक्स. नंतर येणारी विंडोज बहुधा दाराचा ताबा आपल्याकडे घेते आणि मग लिनक्स डिस्कवर असूनही दिसेनाशी होते. ती पुसली गेलेली नसते, द्वारपाल पुन्हा नेमला की परत येते; पण तोवर घरातली मंडळी घाबरून जातात.

चौथी बाब वाटणीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. डिस्कचे दोन नव्हे, तीन भाग करावेत. एक विंडोजला, एक लिनक्सला; लिनक्सला पंचवीस-तीस गिगाबाइट पुरतात. तिसरा भाग दोघांच्या सामाईक मालकीचा, आपल्या लेखनाचा. तो एनटीएफएस मांडणीत ठेवावा, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे ती नोंदवही दोघांनाही वाचता येते. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तरी देवघर आणि विहीर सामाईक ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. उद्या एक प्रणाली बिघडली, पुसावी लागली, तरी लेखनाला धक्का लागत नाही.

या सामाईक भागाविषयी एक इशारा. अलीकडच्या विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते. तिच्यामुळे संगणक बंद केला तरी विंडोज पूर्ण झोपत नाही. नोंदवही अर्धवट उघडी ठेवून डोळे मिटते. त्या स्थितीत लिनक्सने तेथे काही लिहिले तर नोंदी बिघडण्याचा धोका असतो. ती सोय बंद करून ठेवावी.

एका गमतीच्या गोष्टीचाही उल्लेख करतो. एका प्रणालीतून दुसरीत गेल्यावर कधी कधी घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले दिसते. यंत्रातले घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे विंडोज मानते. तर ते ग्रीनिचची जागतिक वेळ दाखवते असे लिनक्स मानते. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरकही नेमका तेवढाच. यंत्र बिघडलेले नसते. दोन ग्रंथपालांनी एकाच भिंतीवरील घड्याळाचा वेगवेगळा अर्थ लावलेला असतो. लिनक्सला स्थानिक वेळ मानावयास सांगितले की तंटा मिटतो.

आणि शेवटचा नियम : निगराणी संपलेल्या जुन्या विंडोजला इंटरनेटचा उंबरठा ओलांडू देऊ नये. तिने जुन्या फायली उघडाव्यात, छपाई करावी आणि थांबावे. पत्रव्यवहार, बँकेचे काम, वाचन हे सारे दुसरीकडे करावे. ज्यांच्याकडे नवे आणि भरपूर स्मृती असलेले यंत्र आहे, त्यांना दुसराही मार्ग आहे. एका प्रणालीच्या पोटात आभासी संगणक उभारून तीत दुसरी चालवता येते. तेथे पाळ्या बदलाव्या लागत नाहीत, परंतु एकाच यंत्राच्या बळात दोघांना जेवू घालावे लागते. जुन्या यंत्राला ते झेपत नाही.

हा सगळा खटाटोप प्रत्येकाने करावा असे मी म्हणणार नाही. ज्यांचे लेखन-वाचन भ्रमणध्वनीवरच आटोपते, त्यांना याची गरज नाही. पण ज्या घरात एखाद्या लेखकाची हस्तलिखिते जुन्या फाँटात आहेत, ज्या शाळेत दहा वर्षांचे संगणक धूळ खात आहेत, ज्या छापखान्यात वीस वर्षांच्या अंकांच्या फायली आहेत, तेथे तो अवश्य करावा. केरळ राज्याने या शतकाच्या पहिल्या दशकापासून आपल्या शासकीय शाळांतील संगणकशिक्षण लिनक्सवर नेले आणि तेथील मुले मल्याळम भाषेत त्यावर काम करतात. उलट जर्मनीतील म्युनिक शहराचे उदाहरणही लक्षात ठेवावे. त्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरवले, सुमारे दहा वर्षांत हजारो संगणक बदलले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद येथे नको. प्रणाली येतात आणि जातात, राज्यकर्ते ठराव करतात आणि फिरवतात. दप्तर मात्र प्रत्येक वेळी एका हातातून दुसऱ्या हातात सुखरूप गेले पाहिजे, एवढाच धडा त्यातून घ्यावा.

म्हणून दोन प्रणाली ठेवणे हे साधन आहे, साध्य नव्हे. साध्य आहे ते मजकूर मोकळा करणे. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरणाची साधने उपलब्ध आहेत. मात्र प्रत्येक फाँटाची जुळणी निराळी असते, आणि रूपांतरानंतर रफार, वेलांटी, जोडाक्षरे आणि अर्धा र डोळ्यांखालून घालावे लागतात. हे काम यंत्राचे नव्हे, मुद्रितशोधकाचे आहे. मराठीच्या अध्यापकांना आणि निवृत्त शिक्षकांना येथे मोठे काम आहे.

या ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने तीन विनंत्या करतो. पहिली पदाधिकाऱ्यांना : दोन प्रणालींचा एक संगणक ग्रंथालयात एका कोपऱ्यात कायम चालू स्थितीत ठेवावा, आणि जुने फाँट व आज्ञावल्या ज्यांच्याकडे रीतसर आहेत त्यांच्याकडून मिळवून त्यावर जपाव्यात. दुसरी सभासदांना : घरातला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातल्या फायली एकदा येथे आणाव्यात. त्यांत कोणाच्या कविता असतील, कोणाची गावकी, कोणाचे स्वातंत्र्यलढ्यातील आठवणींचे टिपण असेल. रूपांतर करताना मूळ फाईल पुसू नये. मूळ, रूपांतर आणि एक छापील प्रत, अशा तिन्ही जपाव्यात. तिसरी विनंती आश्रयदात्यांना : ग्रंथालयाला आपण कपाटे दिली, पंखे दिले, इमारत दिली. या कामाला त्या मानाने फार थोडे लागेल : एक यंत्र, दोन डिस्का, आणि डोळे शाबूत असलेल्या दोन मुद्रितशोधकांचे मानधन.

सीमाभागातील मराठी माणसाला दोन व्यवस्थांमध्ये राहण्याची सवय जुनी आहे. एका दारातून कन्नड येते, दुसऱ्या दारातून मराठी, आणि घर एकच राहते. हे ज्यांना साधले आहे त्यांना संगणकावरच्या दोन प्रणाली जड जाऊ नयेत. ग्रंथालयाने शंभर वर्षे कागदावरचे अक्षर वाळवीपासून वाचवले. पुढल्या शतकातली वाळवी डोळ्यांना दिसणारी नसेल. तिच्यापासूनही हे अक्षर येथे सुरक्षित राहो, अशी इच्छा व्यक्त करतो.